लिव्हर शंटचं ऑपरेशन झालं, आता लिव्हर वाढतंय की नाही हे ओळखायचं कशावरून?

कावेरी_पुणे | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पाळीव प्राण्यांच्या विभागात बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

आमची जिलबी, शिह त्झू, मादी, वय दीडच्या आसपास, वजन चार किलोच्या आतबाहेर. तिला जन्मजात लिव्हर शंट निघाला, म्हणजे रक्त लिव्हरला वळसा घालून भलतीकडे नेणारी चुकीची शीर. लिव्हरच्या बाहेरचा, एकच, सी.टी. स्कॅनमध्ये स्पष्ट दिसला. तोवर आम्ही 'नाजूक आहे, खायचे नखरे आहेत' असंच समजत होतो. जेवल्यावर तासाभराने भिंतीला डोकं टेकून उभी राहायची, गोल गोल फिरायची, दिसत नसल्यासारखी टेबलाच्या पायावर आपटायची. उपाशी असली की ठणठणीत! पावसाळ्याच्या तोंडावर ऑपरेशन झालं. सर्जननी त्या चुकीच्या शिरेभोवती सेलोफेनची पट्टी बसवली आहे, ती हळूहळू शीर आवळत नेते असं सांगितलं.

आता तीनेक महिने झालेत. डोकं टेकणं बंद, वजन वाढलंय, सोसायटीतल्या मांजरांना पळवते. लॅक्टुलोज (आतड्यातला अमोनिया कमी करणारं औषध) आणि लिव्हरचं खास खाणं चालू, अँटिबायोटिक आणि फिट्सचं औषध बंद झालंय.

आणि परवा रक्ताचा रिपोर्ट आला. जेवणानंतरचे बाइल ॲसिड (पित्तातली आम्लं) ऑपरेशनआधी १९० होते, आता ६२. लॅबची मर्यादा २५. रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'जास्त'. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, एव्हाना आणखी खाली यायला हवं होतं, सर्जनना विचारा. सर्जन पुढच्या आठवड्यापर्यंत परदेशात. व्हॉट्सॲपवरच्या एका ग्रुपने तर ऑपरेशन फसलं असं जाहीरच करून टाकलं.

प्रश्न एवढाच: लिव्हर खरंच वाढतंय की नाही हे कशावरून कळतं? या आकड्याने घाबरायचं का?

---

ट्यूलिपताई | शनिवार, रात्री ११.२५

कावेरी, आधी एक लांब श्वास घे.

आमचा यॉर्की (मी नेदरलँड्सला असते) याच रांगेतून गेलाय, आता आठ वर्षांचा आहे. त्याला अमेरॉइड रिंग (तीही शीर हळूहळू बंद करते) बसवली होती. दुसऱ्या दिवशी मान थरथरायला लागली, चालताना झोकांड्या जायच्या. शंट बांधल्यावर पहिल्या काही दिवसांत मेंदूची अशी लक्षणं काही कुत्र्यांत दिसतात, कुणाकुणाला चक्क आकडी येते, आणि तसं का होतं हे अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही. त्याच्यावर निभावलं. तुमचा तो घाटाचा भाग मागे पडलाय, हे लक्षात घे.

बाइल ॲसिडचं म्हणशील तर आमच्या पठ्ठ्याचे आजतागायत पूर्ण नॉर्मल आलेले नाहीत. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तर नंतर ती तपासणी लिहून देणंच बंद केलं. "तो आकडा बघून तुम्ही झोपत नाही आणि कुत्रा मात्र सोफ्यावर घोरतोय," असं म्हणाल्या.

नेमकं शास्त्र वैद्यकाका सांगतील. आहात का काका?

---

पेणचा_पशुवैद्य | रविवार, सकाळी ७.१०

आहे. रविवारी सकाळी गोठ्यातला फोन आला नाही तर सविस्तर लिहितो.

कावेरीताई, रिपोर्ट न बघता निदान करणार नाही, पण १९० वरून ६२ म्हणजे ऑपरेशन फसलं, हे वाक्य चूक आहे. का ते सांगतो.

आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून येणारं रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेने लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी साधारण तीन-चतुर्थांश या शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. शंटमध्ये हे रक्त लिव्हरला वळसा घालून थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत जातं. मग दोन गोष्टी होतात. आतड्यात तयार झालेला अमोनिया आणि बाकीचा मैला न गाळता मेंदूपर्यंत पोहोचतो, ती तुमची भिंतीला डोकं टेकण्याची भानगड. आणि लिव्हर उपाशी राहतं. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन आणि ग्लुकागॉन हे लिव्हरसाठी वाढीचे संदेश असतात. ते पोर्टल रक्तातून घट्ट प्रमाणात यायला हवेत. शंटमध्ये ते सगळ्या शरीरभर फिरून पातळ होऊन धमनीतून पोहोचतात. म्हणून या कुत्र्यांचं लिव्हर लहान असतं. सडलेलं नसतं, खुरटलेलं असतं. हा फरक फार मोलाचा, कारण खुरटलेलं वाढू शकतं.

वाढतं किती लवकर? नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या पशुवैद्यकांनी शंटच्या कुत्र्यांचं लिव्हर सी.टी.वर मोजून पाहिलं होतं, ऑपरेशनआधी, आठवड्याभराने आणि दोन महिन्यांनी. वाढीचा सर्वांत जास्त वेग पहिल्याच आठवड्यात दिसला. शीर पूर्ण बांधता न आलेल्या कुत्र्यांतही लिव्हर वाढलं. म्हणजे वाट थोडी जरी मोकळी झाली तरी लिव्हर कामाला लागतं.

आता बाइल ॲसिड. ही आम्लं लिव्हरच बनवतं, पित्तातून आतड्यात सोडतं, ती आतड्यातून शोषली जाऊन पोर्टल व्हेनने परत येतात आणि लिव्हर पहिल्याच फेरीत बहुतेक सगळी पकडतं. यातून थोडंसं जरी निसटलं तरी रक्तातला आकडा चढतो. त्यामुळे शंट *आहे का* हे शोधायला ही तपासणी उत्तम. पण लिव्हर *किती सुधारलं* हे मोजायला भरवशाची नाही. शंट नीट बंद झालेली, अंगाने धडधाकट कुत्री वर्षानुवर्षं थोडे चढे बाइल ॲसिड घेऊन फिरतात. शिह त्झू, माल्टीज, यॉर्की या छोट्या जातींत लिव्हरच्या आतल्या बारीक पोर्टल फांद्याही जन्मतःच अपुऱ्या वाढलेल्या असू शकतात. मोठी चुकीची शीर बंद केली तरी त्या बारीक फांद्यांचं पूर्ण भरून निघेलच असं नाही.

गोठ्यातून फोन आलाच. उरलेलं दुपारी.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ९.३०

छान समजावलंत काका. पण मग मालकाने नुसतं 'कुत्रा खुशीत आहे' एवढ्यावर बसायचं? कुत्री काय, ताप असला तरी शेपूट हलवतात. आणि सेलोफेन म्हणजे तेच का, फुलांच्या गुच्छांवर चढवतात ते?

दुसरं, आमच्या शेजारी एकाच्या पगला लिव्हर टॉनिक चालू होतं, भुईआवळा वगैरे असलेलं, माणसांचंच. ते द्यायचं का?

---

पेणचा_पशुवैद्य | रविवार, दुपारी २.०५

शंकासुर, नाव सार्थ करता. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

सेलोफेन तेच, पण तितकंच नव्हे. निर्जंतुक केलेली पातळ पट्टी तीन-चार पदरी घडी करून शिरेभोवती बसवतात. शरीराला ती परकी वाटते, भोवती सूज येते, मग तंतुमय ऊती तयार होते आणि ती शीर आवळत जाते. आता गंमत अशी की बाजारात सेलोफेन म्हणून विकलं जाणारं सगळंच खरं सेलोफेन नसतं. काही पट्ट्या तपासल्या तेव्हा त्या पॉलिप्रॉपिलिनच्या निघाल्या, आणि प्रत्येक पदार्थावर शरीराची प्रतिक्रिया सारखीच होईल असं नाही. अमेरॉइड ही स्टीलच्या कड्यात बसवलेली केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, रिंग. ती पोटातलं पाणी शोषून आतल्या बाजूला फुगते आणि पुढच्या काही आठवड्यांत शीर बंद होते. सेलोफेन जास्त रेंगाळतं, आणि शंट थोडा उघडा राहण्याचं प्रमाणही त्यात अमेरॉइडपेक्षा जास्त दिसतं. तेव्हा तीन महिन्यांवर ६२ हा आकडा शेवटचा निकाल म्हणून वाचायचाच नाही, काम अजून चालू असू शकतं.

'मग एकदम घट्ट बांधून का टाकत नाहीत' असं कुणी विचारायच्या आत सांगतो. खुरटलेल्या लिव्हरमधल्या पोर्टल फांद्या अरुंद असतात. सगळं रक्त एकदम तिकडे वळवलं तर ते आत मावत नाही, मागे आतड्यात तुंबतं. पोट फुगतं, रक्ताचे जुलाब होतात, जनावर शॉकमध्ये जातं. काही कुत्र्यांच्या फांद्या पुरेशा रुंद असतात, त्यांची शीर टेबलावरच पूर्ण बांधता येते. ते ऑपरेशनच्या वेळी दाब मोजून आणि रंगद्रव्य सोडून घेतलेल्या एक्स-रेवर बघून ठरवतात.

शेपटीचं म्हणाल तर मीही नुसत्या शेपटीवर विश्वास ठेवत नाही. मी या गोष्टी बघतो. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) वर येतंय का, कारण ते लिव्हरच बनवतं. युरिया आणि कोलेस्टेरॉल, शंटमध्ये दोन्ही कमी असतात. रक्तपेशींचा आकार: शंटच्या बऱ्याच कुत्र्यांत तांबड्या पेशी लहान निघतात, लोहाची वाहतूक बिघडल्यामुळे, आणि शंट बंद झाल्यावर त्या हळूहळू नेहमीच्या आकाराच्या होतात. हे कुणी फारसं पाहत नाही, पण साध्या सी.बी.सी.मध्ये फुकटात मिळणारी माहिती आहे. मग सोनोग्राफीत लिव्हरचा आकार आणि पट्टीपाशी रक्त वाहतंय का ते. आणि उपाशीपोटीचा अमोनिया. शंट अजून किती उघडा आहे याचा अंदाज बाइल ॲसिडपेक्षा अमोनिया बरा देतो.

फक्त अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून अर्ध्या तासात मशिनवर गेलं पाहिजे. कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवलेल्या नमुन्यात अमोनिया खोटा चढतो, मग पुन्हा रात्रभर झोप नाही. जिथे मशिन आहे तिथेच कुत्रा घेऊन जा.

टॉनिक: सिलिमारिन, एस-एडेनोसिल मेथिओनिन वगैरे पुष्कळ डॉक्टर देतात, मीही क्वचित देतो. नुकसान सहसा होत नाही. पण शंटनंतरची लिव्हरची वाढ होते ती रक्तपुरवठ्यामुळे, बाटलीमुळे नाही. माणसांच्या मिश्र टॉनिकमध्ये काय काय असतं याचा पत्ता नसतो, ते नकोच. त्याहून महत्त्वाचं: माणसांची गोड सिरपं देताना झायलिटॉल आहे का ते लेबलवर बघा. फिट्सच्या औषधांची काही सिरपं त्याने गोड केलेली असतात, आणि कुत्र्याला झायलिटॉल म्हणजे विष, लिव्हरलाच मारतं. दुखण्यावर घरातली क्रोसिन किंवा मेलॉक्सिकॅमही नको.

---

इतिहासवेडा | रविवार, संध्या. ६.५०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

हा शंट माणसाने कुत्र्यात मुद्दाम बनवला होता. सेंट पीटर्सबर्गला निकोलाय एक नावाचे लष्करी डॉक्टर होते. (आडनावच एक, आकडा नव्हे.) त्यांनी १८७७ साली आठ कुत्र्यांची पोर्टल व्हेन खालच्या महाशिरेला जोडून दाखवली. सात कुत्री आठवड्याच्या आत गेली, आठवं अडीच महिने जगलं आणि प्रयोगशाळेतून पळून गेलं! एकसाहेबांनी मात्र लिहून ठेवलं की लिव्हरला वगळून रक्त नेलं तरी जनावर जगू शकतं.

पुढे १८९३ मध्ये पावलॉव्ह (होय, तेच घंटा आणि लाळवाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया बरीच सुधारून केली. वाचलेली कुत्री मांस खाल्लं की बिथरायची, चालताना लडखडायची, आंधळ्यासारखी वागायची, आकड्या येऊन मरायची. दूध-भाकरीवर त्यातल्या त्यात बरी राहायची. त्यांनी याला मांसाची विषबाधा म्हटलं. कावेरीताईंनी वर जिलबीची जी लक्षणं लिहिली आहेत ती वाचून मला थेट तेच आठवलं.

लिव्हर खुरटतं ते का, हे मात्र बऱ्याच उशिरा, १९७० च्या दशकात उलगडलं. यकृत-प्रत्यारोपणाचे अमेरिकेतले प्रवर्तक थॉमस स्टार्झल यांनी कुत्र्यांवरच दाखवलं की पोर्टल रक्तातलं इन्सुलिन हा यातला मोठा घटक आहे. काकांनी सकाळी तेच सांगितलं.

त्या कुत्र्यांचा विचार केला की बरं वाटत नाही. पण जिलबीच्या पोटातली पट्टी त्यांच्याच जिवावर आलीय, हेही खरं.

---

म्हापशेकर | रविवार, रात्री ९.१५

आमची बाजू पण मांडतो, कारण इथे सगळे ऑपरेशनवालेच दिसतात.

आमची माल्टीज, निदान झालं तेव्हा पाच वर्षांची. म्हापशाहून सी.टी.साठी बाहेर न्यायची, मग ऑपरेशन, मग आय.सी.यू. घरात आई आजारी होती, पैशांचीही ओढ होती. औषधांवर ठेवली. लॅक्टुलोज, मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक अधूनमधून, मांस-मासळी बंद. गोव्यात कुत्र्याची मासळी बंद करणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही, बाजारातून पिशवी आली की ती दारात बसून असायची. भात, पनीर, उकडलेलं अंडं, मूग. चार वर्षं बरी काढली. मग लघवीत खडे झाले, आणि शेवटचं वर्ष कठीण गेलं.

तेव्हा ज्यांना ऑपरेशन जमत नाही त्यांनी स्वतःला गुन्हेगार समजू नये, एवढंच.

---

पेणचा_पशुवैद्य | रविवार, रात्री ९.५०

म्हापशेकर, चार वर्षं म्हणजे तुम्ही फार चांगलं सांभाळलंत. मासळी सोडून अंडं-पनीर हेही बरोबर. दुधातलं आणि वनस्पतीतलं प्रथिन या कुत्र्यांना लाल मांस-मासळीपेक्षा सोसतं.

पण नवीन वाचकांसाठी आकडेही असू द्यावेत. ब्रिटनमध्ये एकच जन्मजात शंट असलेल्या १२४ कुत्र्यांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं, ९७ चं ऑपरेशन, २७ नुसती औषधांवर. ते २०१४ मध्ये छापून आलं. ऑपरेशनवाली स्पष्टपणे जास्त जगली. औषधांवरच्या कुत्र्यांतली निम्मी साधारण सव्वादोन वर्षांच्या आत गेली. आणि निदान कुठल्या वयात झालं याने जगण्यात फरक दिसला नाही. त्यामुळे 'आता पाच वर्षांची झाली, कशाला ऑपरेशन' हे कारण म्हणून टिकत नाही. पैसे, अंतर, घरातली परिस्थिती ही कारणं टिकतात, त्यांवर बाहेरच्याने बोलू नये.

खडे हे अमोनियम युरेटचे. साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. कावेरीताई, जिलबीच्या सोनोग्राफीत मूत्राशयही बघायला सांगा.

---

लॅब्राप्रेमी_नाशिक | सोमवार, दुपारी १.२०

धागा आधाशासारखा वाचला. आमच्या सात महिन्यांच्या लॅबला शंट आहे, पण लिव्हरच्या *आतला*. डॉक्टर म्हणतात, हा वेगळाच प्रकार. कॉइल नावाचं काहीतरी सुचवलंय. पट्टी का नाही?

---

पेणचा_पशुवैद्य | सोमवार, रात्री ८.३०

मोठ्या जातींत आतलाच जास्त. पिल्लू आईच्या पोटात असताना लिव्हरला वळसा घालणारी एक शीर मुळातच असते, कारण तेव्हा गाळणीचं काम आई करत असते. जन्मानंतर काही दिवसांत ती बंद व्हायला हवी. लिव्हरच्या डाव्या भागातला शंट म्हणजे बहुधा न मिटलेली तीच शीर. ती लिव्हरच्या मांसात रुतलेली असल्याने बाहेरून पट्टी बसवणं अवघड, रक्तस्रावाचा धोका जास्त. म्हणून मानेच्या शिरेतून नळी आत घालतात, महाशिरेत जाळीची नळी बसवून तिच्या मागे शंटमध्ये बारीक तारेची वेटोळी सोडतात. त्यांच्याभोवती रक्त गोठत जाऊन वाट अरुंद होते. पोट उघडावं लागत नाही. हे करणारे हात देशात कमी आहेत, तुमच्या डॉक्टरांनी नाव सुचवलं असेल तर आधी त्यांनी अशा किती केसेस केल्यात ते बिनधास्त विचारा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. या प्रकारात जठर-आतड्यात व्रण होऊन रक्त जाण्याची प्रवृत्ती असते, शंट बंद केल्यावरही. म्हणून ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी बहुतेक जण कायमची देतात. शी डांबरासारखी काळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि बाहेरच्या शंटइतका चकचकीत निकाल यात दर वेळी मिळत नाही, पण चांगली जगलेली लॅब पुष्कळ आहेत.

---

ट्यूलिपताई | सोमवार, रात्री ११.००

लॅब्राप्रेमी, प्रक्रियेच्या आधीचे काही आठवडे औषधं आणि खाणं काटेकोर पाळा. आमच्या वेळी मला वाटलं होतं, आता ऑपरेशन होणारच आहे तर कशाला एवढं. पण कुत्रा स्थिर असताना भूल दिली तर पुढचं सोपं जातं, असं आम्हाला तीन-तीनदा बजावलं गेलं.

फिट्सच्या औषधाचं वैद्यकाकांना विचारायचं राहिलं. आमच्याकडे ऑपरेशनआधीपासून लेव्हेटिरासिटाम चालू केलं होतं, तरी थरथर आलीच.

---

पेणचा_पशुवैद्य | मंगळवार, सकाळी ६.४५

त्यावर एकमत नाही. २०११ च्या एका अभ्यासात आधीपासून औषध दिल्याने आकड्या टळल्याचं दिसलं. २०१९ च्या मोठ्या अभ्यासात, अडीचशेच्या वर कुत्री होती, तसा फायदा दिसला नाही. बरेच सर्जन तरीही देतात, कारण औषध सौम्य आहे आणि आकडी आली तर प्रकरण गंभीर होतं. मी सर्जनच्या शब्दाबाहेर जात नाही.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०.१५

एक विचारू का? ही कुत्री मुळात विकतं कोण? दीड महिन्याचं, मुठीएवढं पिल्लू 'टीकप साइज' म्हणून जास्त पैसे घेऊन गळ्यात मारतात. खुरटलंय म्हणून गोड दिसतंय, हे कुणाला सांगायचं!

---

ट्यूलिपताई | मंगळवार, दुपारी ३.४०

+१. इथे आयरिश वुल्फहाउंडची पिल्लं नव्या घरी जाण्याआधी त्यांचा अमोनिया तपासायची पद्धत कित्येक वर्षांपासून आहे, कारण त्या जातीत शंट आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालंय. यॉर्कीतही घराण्यात चालतो. भारतात निदान पिल्लाचे आईबाप बघायला मागावेत, आणि भावंडांत सगळ्यात लहान असलेल्यावर भाळू नये.

---

कावेरी_पुणे | पुढचा गुरुवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जन परत आले, भेट झाली. काकांची यादी मी चक्क कागदावर उतरवून नेली होती, सर्जनही हसले, पण सगळं तपासलं.

अमोनिया नॉर्मल. रक्त तिथेच काढलं, बर्फात ठेवलं, लगेच मशिनवर. अल्ब्युमिन ऑपरेशनआधी मर्यादेच्या खाली होतं, आता आत आलंय. तांबड्या पेशींचा आकारही नॉर्मल. सोनोग्राफीत लिव्हर आधीपेक्षा बरंच मोठं, आणि पट्टीपाशी अगदी बारीक धार अजून वाहताना दिसली. मूत्राशयात खडे नाहीत.

सर्जनचं म्हणणं: पट्टीचं काम संपलेलं नसावं, घाई करायची नाही. सहा महिन्यांवर पुन्हा रक्त आणि सोनोग्राफी. तेव्हाही धार दिसली, किंवा त्याआधी लक्षणं परत आली, तर पुन्हा सी.टी. म्हणजे तीच शीर उघडी आहे, दुसरा एखादा शंट नजरेतून सुटलाय, की दाब वाढून शरीराने नवीन बारीक वाटा उघडल्यात, ते कळेल. तो तिसरा प्रकार बांधून बंद करता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण अमोनिया आणि अल्ब्युमिन बघता त्यांना तशी शंका वाटत नाही.

लॅक्टुलोज हळूहळू कमी करायला सांगितलंय, खाणं सध्या तेच. आता माझे दोन शेवटचे प्रश्न, काका. सासूबाई तिला चिकन द्यायला टपून बसल्यात, कधी चालेल? आणि तिची नसबंदी राहिली आहे, ऑपरेशनच्या वेळी केली नव्हती.

---

पेणचा_पशुवैद्य | शुक्रवार, सकाळी ७.३०

वा! उत्तम रिपोर्ट. सर्जनचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

दोन बदल एकाच वेळी करू नका, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते कळेल. आधी लॅक्टुलोज उतरवा. ते पूर्ण बंद झाल्यावर दोन-तीन आठवडे तब्येत तशीच राहिली तर खाणं बदलायला घ्या. नेहमीचं चांगलं खाणं थोडं मिसळायचं, दर आठवड्याला प्रमाण वाढवायचं. जेवणानंतरचे दोन-तीन तास नजर ठेवा. गुंगी, लाळ, भिंतीशी जाणं, उगाच एकटक बघणं, यातलं काहीही दिसलं तर एक पायरी मागे आणि सर्जनना फोन. ज्यांचा शंट बंद झालाय त्यांना प्रथिनं जन्मभर कमी देत राहणं चूक आहे, वाढणाऱ्या लिव्हरला आणि स्नायूंना ती लागतात. सासूबाईंना सांगा, चिकन शेवटच्या पायरीवर, उकडलेलं, बिनमिठाचं, कांदा-लसूण अजिबात नको. कलेजी मात्र नाहीच.

नसबंदी करायचीच, हिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत. पण सहा महिन्यांचे रिपोर्ट हातात आल्यावर. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सी.टी.सकट सगळी जुनी फाइल आधी दाखवा. मागच्या वेळी भुलेतून जागी व्हायला किती वेळ लागला तेही सांगा. एवढ्या छोट्या कुत्र्यात साखर पटकन उतरते, तेव्हा त्या दिवशी उपास किती तासांचा ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि भुलेच्या आधी व नंतर साखर तपासायला सांगा.

---

कावेरी_पुणे | शुक्रवार, सकाळी ९.१०

लिहून घेतलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्या म्हणतात अंडं तरी आजपासून देऊ का?

---

पेणचा_पशुवैद्य | शुक्रवार, सकाळी ९.४०

अर्धं. उकडलेलं. आणि तेवढं खाणं वाटीतून कमी करा.